पालथं घमेलं

प्लॅस्टिकचा ड्रिंकर रात्री कधीतरी फुटला. आवाज कुणी ऐकला नाही. सकाळी खुराड्याचं दार उघडून मी तो उचलायला गेलो, तर जारचे दोन तुकडे माझ्या हातात आले आणि पाणी जागच्या जागी उभं राहिलं. जारचाच आकार घेतलेला पाच लिटरचा बर्फ आणि त्याच्या पोटात अडकलेलं एक तपकिरी पीस. भोवती चोवीस कोंबड्या. त्यांतली एक पुढं आली आणि बर्फावर चोच मारू लागली. टक्, टक्, टक्. मग थांबायची, मान वर करायची, घोट गिळल्यासारखं करायची आणि पुन्हा टक्. घशाखाली काहीच उतरत नव्हतं.

ही २०१५ च्या डिसेंबरातली गोष्ट. लेहहून कारू, आणि कारूला सिंधूचा काठ सोडून चांग-लाच्या रस्त्यानं सक्तीकडे जाताना लागणारं एक छोटं गाव. उंची साडेतीन हजार मीटरच्या वर. त्या सकाळी भिंतीवरचा थर्मामीटर उणे १८ दाखवत होता. एका संस्थेच्या पशुपालन प्रकल्पात मी कुक्कुटपालनाचं काम बघायला गेलो होतो. बारा घरांत कोंबड्या दिल्या होत्या. त्या कोंबड्या हिवाळ्यातून पार पाडायच्या, हे माझं काम.

माझं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याजवळ. मुलूख दुष्काळी. शेतीचा भरवसा नाही म्हणून आमच्याकडे अनेक घरांनी पोल्ट्री धरली. आमचं लेअरचं शेड होतं, पाच हजार पक्ष्यांचं. पाण्याची भीती मला लहानपणापासून ठाऊक, पण ती उन्हाळ्यातली. मे महिन्यात दुपारी पत्रा तापायचा, काळ्या पाइपमधलं पाणी अंघोळीला चालेल इतकं गरम व्हायचं आणि पक्षी ते तोंडात घेत नसत. चोच वासून, पंख सोडून धापा टाकत उभे राहायचे. एका वर्षी वीज गेली, टाकी कोरडी पडली, आणि सांजेपर्यंत वडील आणि मी मेलेले पक्षी पोत्यांत भरत होतो. त्या दिवशी वडील एवढंच म्हणाले, "खायला उशीर झाला तर पक्षी थांबतो. प्यायला झाला तर नाही थांबत." शेडच्या मागं आज्जीच्या पाच-सहा गावरान कोंबड्या असायच्या. ती त्यांच्यासाठी लिंबाच्या सावलीत मातीचं परळ ठेवायची आणि परळाला ओलं गोणपाट गुंडाळायची. गोणपाटातली ओल वाऱ्यानं उडून जाताना भांड्यातली उष्णता सोबत घेऊन जाते, हे मी पुढं डिप्लोमाला शिकलो. आज्जीला ते आधीच माहीत होतं.

ते सगळं सोबत घेऊन मी लडाखला गेलो, आणि पहिल्याच महिन्यात ते सगळं उलटं झालं.

लडाखी बौद्ध घरांत कोंबड्या पाळायची चाल फारशी नव्हती. मांस लागलंच तर एका मोठ्या जनावरात अनेकांचं भागतं; छोटे जीव मारले तर तेवढ्याच मांसासाठी कितीतरी जास्त प्राण जातात, असा तिथला जुना विचार. पण अंड्याला कुणाची हरकत नव्हती. हिवाळ्यात झोजी-लाचा रस्ता बंद झाला की भाजीपाल्यासारखी अंडीही महाग व्हायची. खिंड ओलांडून उशिरा आलेल्या ट्रकमधल्या क्रेटमध्ये निम्मी अंडी तडकलेली असायची, कारण गोठताना अंडं आतून फुगतं आणि कवच उकलतं. गावातच अंडी मिळाली तर बायकांच्या हाती चार पैसे येतील, मुलांच्या पोटातही काहीतरी जाईल, एवढा साधा हेतू. पक्षी वनराजा जातीचे. हैदराबादच्या संस्थेत परसातल्या कोंबडीपालनासाठी तयार झालेली ही जात आमच्याकडेही गावोगाव आहे. वजनदार ब्रॉयलर तिथं नेण्यात अर्थ नव्हता. हवा विरळ असली की त्यांच्या हृदयावर ताण येतो आणि पोटात पाणी होऊन ते मरतात. वनराजानं उंची सोसली. प्रश्न उरला तो पाण्याचा.

मी ज्यांच्या घरी राहत होतो त्यांना सगळं गाव आमा-ले म्हणायचं. आमा म्हणजे आई, आणि नावामागं, नात्यामागं लावलेला 'ले' म्हणजे आपल्याकडचा 'जी'. साठी उलटलेली बाई. मुलगा सैन्यात, सून लेहला शाळेत शिक्षिका. मला त्या नोनो म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ, पोरगा. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या हिंदीत चालायचं आणि जिथं हिंदी संपायची तिथं हातानं.

कोंबडीला रोज साधारण पाव लिटर पाणी लागतं. जितका दाणा खाईल त्याच्या जवळजवळ दुप्पट. तिला दात नाहीत. दाणा मानेखालच्या पिशवीत जातो, तिथं भिजतो, मऊ होतो आणि मग पुढं सरकतो. पाणी नसेल तर तो तिथंच कोरडा गोळा होऊन बसतो आणि कोंबडी खाणं सोडते. अंड्याचा तर पाऊण हिस्सा पाणीच. म्हणजे ज्या दिवशी ती पीत नाही, त्या दिवशी ती पुढची अंडी आपल्या अंगात थांबवते. लांबलं तर पिसं झाडायला लागते आणि मग दोन-दोन महिने अंडं नाही. बर्फ चोचून हे भागत नाही. चोचीत येतो तो कण, आणि तो वितळवायला अंगातली ऊब खर्च होते. सुमारे ४१ अंशांचं आपलं अंग टिकवण्यासाठीच त्या जिवाची अहोरात्र धडपड चाललेली असते.

हे सगळं मला पाठ होतं. म्हणून मी पहिल्या हिवाळ्यात एकच ध्यास घेतला: पाणी गोठू द्यायचं नाही. चोवीस तास नाही.

आधी डालड्याच्या डब्यात ४० वॅटचा बल्ब बसवला आणि त्यावर जस्ताचं भांडं ठेवलं. वीज असेपर्यंत पाणी पाणीच राहायचं. पण तेव्हा लेह देशाच्या वीजजाळ्याला जोडलेलं नव्हतं. नद्यांवरची छोटी वीजकेंद्रं हिवाळ्यात प्रवाह आटला की कमी वीज देतात. आमच्या गावात ती संध्याकाळी यायची आणि ऐन थंडीच्या वेळी जायची. मग गरम पाणी. मी रात्री अकराला आणि पहाटे तीनला उठून बुखारीवरची, म्हणजे घर ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीवरची, किटली घेऊन खुराड्यात जायचो. पाणी इतकं गरम असायचं की कोंबड्या त्याच्या जवळ येत नसत, आणि त्याच्या वाफेनं खुराडं भरून जायचं. कुणी सांगितलं, पाण्यात मीठ टाका, उशिरा गोठेल. ते मात्र मी केलं नाही. पाण्यातलं जास्तीचं मीठ कोंबडीला विषासारखं बाधतं.

सगळ्यांत मोठी चूक मी ऊब राखण्याच्या नादात केली. भिंतीतल्या फटी, छपराखालचा झरोका, दाराची चीर, सगळं प्लॅस्टिकनं बंद केलं. आठवड्यानं छपराच्या आतल्या बाजूला पांढरा थर दिसायला लागला. ते कोंबड्यांच्या श्वासातलं आणि विष्ठेतलं पाणी होतं. बाहेर जायला वाट नाही म्हणून छपराला जाऊन गोठलेलं. दुपारी ऊन आलं की ते थेंबाथेंबानं खाली गळायचं. कोंबड्या ओलसर व्हायच्या आणि रात्री त्या ओलीचाच बर्फ. एका सकाळी कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडलेली दिसली. बोटानं दाबून पाहिली, वाळक्या मिरचीच्या देठासारखी कडक. हिमदंश. पुढच्या पंधरा दिवसांत ती टोकं गळून गेली आणि दोन कोंबड्यांच्या गळ्याखालचे लोंबते गलोलही गेले. थंडीपेक्षा ओल वाईट, हे वाक्य मी वाचलेलं होतं. तो कोंबडा रोज माझ्या समोर यायचा, म्हणून ते मला कळलं.

जानेवारीच्या मध्याला चोवीस कोंबड्यांत दिवसाला दोन अंडी मिळत होती. दिवस आखूड झाला की अंडी कमी होणारच. तिथं डिसेंबरात दिवस दहा तासांचाही नसतो, आणि डोंगर मधे आले की ऊन त्याहूनही थोडं. पण कमी होणं वेगळं आणि थांबणं वेगळं. मी झोपेशिवाय राबत होतो आणि कोंबड्या तहानलेल्याच होत्या.

एका रात्री मी किटली घेऊन निघालो तेव्हा आमा-ले जाग्या होत्या. बुखारीत शेणी सरकवत त्यांनी विचारलं, "नोनो, रात्री कोण पितं?"

मी म्हणालो, "कोंबड्या."

त्या म्हणाल्या, "अंधारात?"

आणि पुढं काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन खुराड्यात बसलो. दिवसभर. दर पंधरा मिनिटांनी किती कोंबड्या पाण्यावर आल्या त्याच्या रेघा ओढल्या. दार उघडून पाणी ठेवलं तसा पहिल्या पाऊण तासात घोळका तुटून पडला. मग दाणा खाल्ल्यावर थोड्या थोड्या. ज्यांनी अंडं घातलं त्या खोक्यातून उतरल्या की सरळ पाण्याकडे. दुपारी उन्हात त्या पसरल्या, माती अंगावर उडवत राहिल्या, पाण्याकडे कुणाचं लक्ष नाही. आणि दिवस कलायच्या आधी तासभर पुन्हा झुंबड, सकाळपेक्षाही मोठी. रात्रीची तरतूद करून ठेवावी तशी. उजेड गेला, एकेक करून दांडीवर चढली, अंगाचा गोळा केला, पाय पिसांत घेतले. रात्री दहाला बॅटरी घेऊन गेलो, दोनला गेलो, पाचला गेलो. एकही खाली उतरलेली नव्हती. पाण्यावर मात्र बोटभर जाडीचा बर्फ.

पाच हजार पक्ष्यांच्या घरात वाढलेल्या मला हे दिसायला हवं होतं. पण आमच्या शेडमध्ये निपलला पाणी सदाचं. कधी पितात हे बघायची वेळच कुणावर आली नाही. इथं पाणी बादलीनं आणायचं होतं, म्हणून प्रश्न उघडा पडला. मी थंडीशी चोवीस तास लढत होतो. कोंबडीला हवे होते दिवसातले तीन-चार तास. गोठणं थांबवणं हे माझं काम नव्हतंच. ती चोच खाली घालेल त्या वेळी तिथं पाणी असणं, एवढंच माझं काम होतं.

त्यानंतर सगळं त्या बाजूनं बांधत गेलो. पुढच्या उन्हाळ्यात, २०१६ साली, जम्मूहून येणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून टायरची घमेली मागवली; आपल्याकडे बांधकामावर आणि गोठ्यात वापरतात तसलीच, जुन्या टायरची, काळी, जाड. बर्फ होताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं. प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होतं आणि उकलतं, जस्ताचे सांधे सुटतात. रबर मात्र ताणतं आणि पुन्हा जागेवर येतं. उलटं करून टाच मारली की बर्फाची ढेप खाली पडते आणि घमेलं पुन्हा तयार. शिवाय काळा रंग दिवसभर ऊन पितो.

मग घमेल्याला बसेल असं लाकडी खोकं केलं. खोक्याच्या आणि घमेल्याच्या मधे चार बोटांची जागा, आणि तिथं काय भरायचं याचा विचार करताना मला आज्जीचं गोणपाट आठवलं. या वेळी कोरडं. सहा-सात घड्या करून, त्यात लाकडाचा भुसा कोंबून. ओलं गोणपाट भांड्यातली उष्णता काढून नेतं. कोरड्या गोणपाटाच्या धाग्याधाग्यांत हवा अडकून राहते आणि ती उष्णतेला बाहेर पडू देत नाही. एकच वस्तू, फक्त ओल नाही. गोणपाट दाबून बसवताना माझ्या हाताला विट्याच्या परसातला वास आला, हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगायला त्या भाषेत माझ्याकडे शब्द नव्हते.

वरून फळीचं झाकण, त्याला चोच आणि डोकं जाईल एवढी चार भोकं. झाकणाचे दोन उपयोग. पाणी थंड होतं ते जास्त करून वरून, उघड्या पृष्ठभागातून; तो झाकला की निम्मं काम झालं. आणि दुसरा उपयोग तुऱ्याचा नि गलोलांचा. उथळ थाळीत पिताना गळ्याखालचे गलोल पाण्यात बुडतात, ओले राहतात आणि पहिल्या गारठ्याला जळतात. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ओका इथल्या मठातल्या एका धर्मबंधूंनी, विल्फ्रिड शातलँ यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाँतेक्लेर नावाची जात तयार केली; जवळजवळ तुरा नाही, गलोल नाहीत, कारण तिथल्या हिवाळ्यात तेच आधी जळतात. आमच्याकडे ती जात नव्हती. आमच्याकडे भोक पाडलेली फळी होती.

पाण्याच्या अंगातही एक उपकारक गुण आहे. शून्य अंशावर आलेलं पाणी लगेच बर्फ होत नाही. एक लिटर पाण्याला गोठायचं तर आधी ८० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकावी लागते. ८० अंश गरम असलेलं तेवढंच पाणी शून्यावर येताना टाकतं तेवढी. म्हणून खोल भांड्यातलं पाच लिटर पाणी बराच वेळ तग धरतं आणि थाळीतलं अर्धा लिटर लगेच हार मानतं. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. थाळीवर चाळीस मिनिटांत साय धरली. खोक्यातल्या घमेल्यावर चार तासांनी पातळ पापुद्रा, चोचीनं मोडेल असा. कोंबडीच्या सकाळला चार तास पुरेसे होते.

पाणी यायचं झऱ्यावरून. नळ नोव्हेंबरातच रिकामे करून बंद करतात, नाहीतर फुटतात. झऱ्याला तिथं छुमिग म्हणतात. जमिनीच्या पोटातून येत असल्यानं तोंडाशी तो ऐन जानेवारीतही वाहता असतो. आमा-ले वीस लिटरचा जेरीकॅन पाठीवर दोरीनं बांधून आणायच्या, मी दोन. ते पाणी स्वयंपाकघरात बुखारीजवळ ठेवायचं. सकाळी आठला, ऊन खुराड्यावर आलं की, कोमट पाण्याचं पहिलं घमेलं. कोमट म्हणजे बोट घालून गरमही वाटू नये आणि गारही. त्याहून ऊन दिलं तर वाफ होते आणि कोंबडी पीत नाही. दुपारी एकला बर्फाचा पापुद्रा काढून थोडी भर. साडेतीनला दुसरं घमेलं, सांजेच्या झुंबडीसाठी. आणि पाचला, शेवटची कोंबडी दांडीवर गेली की, उरलेलं पाणी बाहेर टाकून, फडक्यानं पुसून घमेलं पालथं. रात्री काहीच ठेवायचं नाही. गोठायला काही उरलंच नाही तर काय गोठणार?

आमा-लेंनी यात आपली एक भर घातली. चुलीच्या कडेला दिवसभर पडून असलेला सपाट दगड त्या साडेतीनच्या घमेल्याखाली सरकवायच्या. तेवढ्यानं पाऊण तास वाढायचा.

खुराडंही नव्यानं बांधलं. फे गावाजवळच्या सेकमॉल या संस्थेच्या शाळेत मी एकदा दिवसभर राहून आलो होतो. मातीच्या जाड भिंती, दक्षिणेला काच. बाहेर सगळं गोठलेलं असताना आत मुलं स्वेटरवर अभ्यास करत बसलेली, आणि शेगडी कुठंच नाही. लडाखात पाऊस फारसा नाही, विजेचा तेव्हा भरवसा नव्हता, पण ऊन आहे. तेच आम्ही लहान प्रमाणात केलं. मागं आणि बाजूंना कच्च्या विटांच्या दीड हात जाडीच्या भिंती, मागची आतून काळी रंगवलेली. दक्षिणेला जाड पारदर्शक प्लॅस्टिक, रात्री त्यावर जुनं कांबळं सोडायचं. दिवसा भिंत ऊन साठवते, रात्री हळूहळू परत देते. आणि छपराखाली, कोंबड्यांच्या डोक्याच्या बरंच वर, हातभर लांबीचा झरोका. तो कधीच बंद करायचा नाही. ओल त्यातून निघून जाते. वारा दांडीवर बसलेल्या पक्ष्याला लागत नाही. बाहेर उणे १८ असताना आत शून्याच्या आसपास राहायला लागलं. छपराला पुन्हा पांढरा थर आला नाही. त्या हिवाळ्यात एकाही कोंबडीचा तुरा जळला नाही.

अंडी? जानेवारीत चोवीसांत आठ-नऊ. उन्हाळ्याच्या निम्मीच. पण रोज. आमा-ले ती राखेच्या टोपलीत ठेवायच्या, गोठू नयेत म्हणून, आणि दर चौथ्या दिवशी गावातल्या अंगणवाडीजवळच्या घरात पोचवायच्या. पैसे मोजून कमरेच्या पिशवीत ठेवताना त्या एकदाच माझ्याकडे बघून हसल्या होत्या.

तिसऱ्या हिवाळ्यात बाराही घरांत खोकी झाली. प्रत्येक घरानं आपापली सुधारणा केली. कुणी गोणपाटाऐवजी मेंढीची टाकाऊ लोकर भरली; ती गोणपाटापेक्षा सरस निघाली. एकीनं झाकणाच्या भोकांना जुन्या बुटाच्या चामड्याचे पडदे लावले. मी शिकवायला जायचो आणि बघून यायचो.

पहिल्या हिवाळ्यातल्या बर्फाच्या ढेपाही वाया गेल्या नव्हत्या. मी त्या दाराबाहेर फेकायचो. आमा-ले गोळा करून अंगणातल्या विलोच्या रोपट्याभोवती रचायच्या. मला वाटायचं, वाट निसरडी होऊ नये म्हणून. एप्रिलमध्ये, युरा म्हणजे गावचा पाट अजून कोरडा असताना, त्या रोपट्याच्या बुंध्याशी ओल होती आणि त्याला गावात सर्वांत आधी पालवी फुटली. लडाखातल्याच चेवांग नोरफेल यांनी १९८७ पासून गावांच्या वरच्या उतारावर हिवाळ्याचं पाणी बर्फ करून साठवलं आणि पेरणीच्या वेळी वितळू दिलं. त्या कामासाठी त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. जो बर्फ मला माझं अपयश वाटत होता तो त्या मातीतल्या माणसांना साठा वाटत होता. पाणी गोठलं म्हणजे गेलं, असं तिथं कुणी मानतच नाही. त्याची वेळ नाही, एवढंच.

आणि एक गोष्ट, जी मी दोन हिवाळे रोज पाहिली आणि तिसऱ्यात दिसली. आमा-लेंच्या देवघरात पितळेच्या सात वाट्या होत्या. त्यांना तिंग म्हणतात. रोज सकाळी त्या सातही वाट्या ताज्या पाण्यानं काठाच्या किंचित खालपर्यंत भरायच्या, डावीकडून उजवीकडे, दोन वाट्यांत जवाच्या दाण्याएवढं अंतर ठेवून. आणि दिवस मावळायच्या आत रित्या करायच्या, पुसायच्या, पालथ्या घालून ठेवायच्या. रात्री वाटीत पाणी ठेवत नाहीत. तिसऱ्या वर्षीच्या एका सांजेला मी जेरीकॅन घेऊन आलो, तर त्या देवघरातून बाहेर येत होत्या. वाट्या पुसलेलं फडकं खांद्यावर. तशाच खुराड्याकडे गेल्या, घमेल्यातलं पाणी विलोच्या बुंध्याशी ओतलं, दुसऱ्या फडक्यानं घमेलं पुसलं आणि पालथं घातलं. हाताची तीच गत, तोच सावकाशपणा. "रात्री कोण पितं?" हा प्रश्न कुठून आला होता ते मला त्या क्षणी कळलं. पाणी द्यायचं ते ताजं, वेळेला, पूर्ण मनानं. आणि वेळ झाली की रितं करायचं. हे त्या आयुष्यभर रोज करत होत्या. मी त्याला तंत्र म्हणत होतो.

२०१८ च्या वसंतात मी घरी परतलो. वडील थकले होते, शेड मी हातात घेतलं. पहिल्याच मे महिन्यात एक दिवस वही घेऊन शेडमध्ये बसलो. उन्हाळ्यात पक्षी दुपटीहून जास्त पितात, पण केव्हा, हे आमच्या घरात कुणी मोजलं नव्हतं. पहाटेच्या गारव्यात आणि दिवस कलल्यावर ते मनापासून पितात. भर दुपारी, ज्या वेळी पाणी सर्वांत जास्त हवं, त्याच वेळी पाइपमधलं पाणी त्यांना नकोसं होतं. आता अकरा, एक आणि तीन वाजता आम्ही लाइनमधलं तापलेलं पाणी शेवटच्या टोकाला सोडून देतो आणि टाकीतलं थंड पुढं घेतो. टाकीला ओलं गोणपाट गुंडाळलेलं असतं. सोडलेलं पाणी लिंबाच्या बुंध्याला जातं. वडील खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "हे कुठं शिकलास?" मी म्हणालो, "बर्फात."

२०१९ च्या फेब्रुवारीत श्रीनगर–लेह वीजवाहिनी सुरू झाली आणि लडाख देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात मी आमा-लेंना फोन केला. वीज आता असते, त्या म्हणाल्या. सुनेनं हीटर आणलाय, खोलीत बरं वाटतं. मी म्हणालो, आता कोंबड्यांच्या पाण्याखालीही एखादा छोटा हीटर ठेवता येईल की. पलीकडून थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. त्या अंगणात उभ्या असाव्यात.

"घमेलं पालथं घातलंय, नोनो," त्या म्हणाल्या. "सांज झाली."